कोकणातल्या बागेत डेक: फळी कुठली, त्याआधी पाणी कुठे जाणार

प्रश्न थोडक्यात असा: दापोलीजवळ घर, समुद्र साधारण दीड किलोमीटरवर. मागच्या बागेत १५ बाय १२ फुटांचा डेक, म्हणजे जमिनीवर उचललेला फळ्यांचा ओटा, करायचा आहे. त्यातली पश्चिमेकडची चार फुटांची पट्टी जुन्या आंब्याखाली येते. कंत्राटदार म्हणतो डब्ल्यूपीसी (भुसा आणि प्लास्टिकची फळी) घाला, काही बघावं लागत नाही. वडील म्हणतात, सागवानाशिवाय काही टिकणार नाही. घरी वडील आणि आई, दोघंही सत्तरीच्या पुढचे. तुम्ही स्वतः मुंबईत, महिन्यातून एकदा येणार. तर कुठलं सामान घ्यावं?

माझ्या मते कंत्राटदार आणि वडील, दोघंही अर्धे बरोबर आहेत. तुमची खरी अडचण वेगळी आहे. कोकणात जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या चार महिन्यांत हवाच इतकी दमट असते की ओली झालेली वस्तू वाळत नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला फळीत साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. त्याखाली ती वाढत नाही. पावसाळ्यात कोकणात छपराखालचं लाकूडसुद्धा या रेघेच्या जवळपास असतं, म्हणजे उघड्यावरच्या डेकला काठावरच दिवस काढायचे असतात. तो रेघेच्या कुठल्या बाजूला राहणार हे फळीच्या जातीवर थोडं आणि फळीखालून वारा खेळतो का, पाणी साचतं का, यावर जास्त ठरतं. उत्तम सागवान मातीला चिकटवून बसवलं तर पाच-सात पावसाळ्यांत खालून मऊ पडायला लागतं, आणि मध्यम लाकूड वर उचलून, फटी ठेवून बसवलं तर त्याहून जास्त चालतं.

म्हणून आधी आंब्याचं बघू. ती चार फुटांची पट्टी डेकमधून काढून टाका. सावलीत शेवाळ धरणार, पानं फटींमध्ये अडकून कुजणार, कैऱ्या आणि चीक पडणार, आणि सत्तरी ओलांडलेली माणसं तिथूनच चालणार. शेवाळ लाकडावर धरतं तसं डब्ल्यूपीसीवरही धरतं, "प्लास्टिक आहे म्हणून धरत नाही" यात तथ्य नाही. शिवाय पाये खणताना आंब्याची मुळं तुटतील ती वेगळीच. त्या पट्टीत खडबडीत पृष्ठभागाची फरशी खडीवर मोकळी मांडा: तासलेला जांभा, खरबरीत तांदूर किंवा न घासलेला कोटा. पॉलिश केलेला कोटा मात्र पावसात काचेसारखा होतो. दगडाला शेवाळ धरलंच तर खराट्याने घासता येतं, आणि घासल्याने तो झिजत नाही. उरलेला डेक १५ बाय ८ फूट, म्हणजे १२० चौरस फूट. पुढचा सगळा हिशेब याच मापाचा आहे.

आता फळी. बाजारात तुम्हाला मुख्यतः चार गोष्टी दाखवतील.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांची फळी. यात आधी एक घोळ मिटवा. फर्निचरच्या दुकानात "डब्ल्यूपीसी बोर्ड" म्हणून जे शीट मिळतं, ते बहुतेक वेळा पीव्हीसीचा फोम असतो आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी असतो. तो डेकला चालत नाही, वाकतो. डेकची फळी वेगळी येते आणि तिच्यातही दोन जाती आहेत: आतून पोकळ आणि भरीव. पोकळ फळीच्या टोकाची टोपी निघाली की आत पाणी आणि मुंग्या शिरतात, आणि एकाच जागी भार पडला, खुर्चीचा पाय दाबला गेला, तर वरची पापडी फुटते. घ्यायचीच तर भरीव घ्या आणि जिच्यावर वरून प्लास्टिकचा वेगळा थर चढवलेला असतो ती घ्या. थर नसलेल्या फळीतला भुसा पृष्ठभागालाच उघडा असतो, त्याच्यावर काळे ठिपके येतात आणि ते घासून जात नाहीत.

डब्ल्यूपीसीची आणखी दोन लक्षणं कंत्राटदार सहसा सांगत नाहीत. एक, उन्हात ती लाकडापेक्षा जास्त तापते. गडद रंगाच्या फळीवर एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. दुसरं, लाकूड रुंदीत फुगतं-आटतं, ही लांबीत वाढते. तीन मीटरची फळी थंड पहाटेपासून तापलेल्या दुपारपर्यंत चार-पाच मिलिमीटर लांब होऊ शकते. टोकाला टोक भिडवून बसवली की मे महिन्यात ती कमान करून उठते आणि क्लिपा तुटतात. "डब्ल्यूपीसी वाकलं" अशी तक्रार ऐकू आली की मी आधी जोडावरची फट विचारतो. ती साधारण ५-६ मिलिमीटर हवी. नेमका आकडा त्या-त्या कंपनीच्या पत्रकात असतो आणि मिस्त्रीने तो वाचलेला असायला हवा. तिला आधारही जवळजवळ लागतो, ३० सेंटिमीटरवर दांडा. लाकडाच्या २५ मिलिमीटर फळीला ४० सेंटिमीटर पुरतात.

सागवान. वडिलांचं म्हणणं गाभ्याच्या लाकडापुरतं खरं आहे. सागाचा सोनेरी-तपकिरी गाभा तेलकट असतो, त्याला वाळवी आणि बुरशी सहज लागत नाही. कडेचा फिकट पांढरट भाग मात्र साध्या लाकडासारखाच असतो, त्याला वाळवीही लागते आणि तो कुजतोही. आज वखारीत येणारा बराच साग लागवडीतला, कमी वयाचा असतो, आणि तरुण झाडात पांढऱ्या भागाचं प्रमाण जास्त असतं. "बर्मा" हा शब्द तर हल्ली कुठल्याही परदेशी सागाला लावतात. "सीपी" म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला, आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, बल्लारशा-आलापल्लीचा. तो चांगला असतो, पण नाव ऐकून पैसे देऊ नका, फळीचं टोक बघा. टोकाला रंगाची सीमा स्पष्ट दिसते. ज्या फळीत पांढरी कड आहे ती बाजूला काढा किंवा ती कड चिरून टाकायला सांगा. काही ठिकाणी पांढऱ्या भागावर रंग मारून तो लपवतात, म्हणून टोकाला ओलं बोट फिरवा किंवा थोडा रंधा मारायला सांगा. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, आता ते बऱ्याच सुतारांकडे असतं. १२ ते १४ टक्के ओल हवी. १८ दाखवलं तर लाकूड कच्चं आहे, बसवल्यावर आटेल आणि पिळेल.

स्थानिक लाकडं: ऐन, किंजळ, फणस. कोकणातली जुनी घरं यांच्याच तुळया-वाशांवर उभी आहेत, त्यामुळे "आपल्या बागेतलाच ऐन कापू" हा विचार साहजिक आहे. ऐन दणकट आहे, पण वाळताना तडकतो आणि पिळतो. तुळईला ते चालतं, पायाखालच्या पातळ फळीला चालत नाही. फणसाचा गाभा चांगला टिकतो, दिसतोही देखणा, फक्त सरळ लांब फळ्या कमी निघतात. आणि झाड स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी साग, ऐन, किंजळ, फणस ही १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत. तोडायला परवानगी आणि लाकूड हलवायला वाहतूक पास लागतो. आंब्याचं लाकूड उघड्यावर वापरू नका, ते दोन पावसाळेही टिकत नाही.

चौथी जात म्हणजे बाहेरून येणारी लाकडं. दक्षिण अमेरिकेतलं इपे अतिशय घट्ट, पाण्यात बुडेल इतकं जड असतं. टिकाऊपणात सागाच्या पुढेच, पण किमतीतही. २०२४च्या नोव्हेंबरपासून ते साइटीसच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, म्हणजे आयातीची कागदपत्रं मागा. तुमच्या कामाला त्याची गरज मला दिसत नाही. "थर्मो" म्हणून ॲश किंवा पाइन दाखवतील. हे लाकूड साधारण १८० ते २१५ अंशांना भाजलेलं असतं. ते पाणी कमी पितं, फुगतं कमी, बुरशीलाही दाद देत नाही. पण भाजल्याने थोडं ठिसूळ होतं, आणि वाळवीपासून संरक्षण मिळत नाही, जे आपल्या लाल मातीत महत्त्वाचं आहे. शहरात गच्चीवर ते छान. जमिनीवर मी टाळेन.

मग तुमच्यासाठी काय? गाभ्याचं सागवान, १०० मिलिमीटर रुंद आणि रंधा मारून २५ मिलिमीटर जाड. सहा इंची फळ्या दिसायला भारी वाटतात, पण रुंद फळी वाटीसारखी वळते आणि त्या वाटीत पाणी थांबतं. वर खाचा पाडू नका. खाचांनी पकड मिळते असा समज आहे, प्रत्यक्षात खाचांत माती आणि शेवाळ बसतं आणि पाय जास्त घसरतो. सपाट, किंचित खरखरीत ठेवलेली फळी साफ करायला सोपी.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. सागवानाला वर्षातून एकदा तेल लावायला माणूस हवा. तेल चुकलं तर फळी करडी पडते, रुपेरी दिसते. त्याने ताकद जात नाही, पण बारीक भेगा वाढत जातात. दरवर्षी हे होणारच नाही असं तुम्हाला आतून माहीत असेल, तर भरीव, थर असलेली, फिक्या रंगाची डब्ल्यूपीसी घ्या आणि मनात किंतु ठेवू नका. "काही बघावं लागत नाही" हे मात्र तेव्हाही खरं नाही. घासणं दोन्हीला लागतंच.

सामानाचा हिशेब. फळ्या १५ फुटांच्या दिशेने. १०० मिलिमीटरची फळी आणि ५ मिलिमीटरची फट धरून ८ फुटांत २३ ओळी बसतात, म्हणजे ३४५ धावते फूट. रंध्यानंतर २५ मिलिमीटर उरायला सव्वा इंचाची कापणी लागते. ते होतं साधारण १२ घनफूट. पांढरी कड, गाठी आणि कापाकापीचे १२ टक्के धरून साडेतेरा घनफूट मागवा. वखारवाला १ इंच जाडीच्या हिशेबाने भाव सांगेल, रंध्यानंतर त्याचे १९-२० मिलिमीटर उरतात आणि ४० सेंटिमीटरच्या अंतरावर ती फळी पायाखाली लवते. हे आधीच बोलून घ्या.

१५ फुटांची सलग सरळ फळी मिळणं कठीण. ८ आणि ७ फुटांचे तुकडे जोडा आणि जोड एक ओळ सोडून मागेपुढे ठेवा, म्हणजे डेकवर जोडांच्या दोनच रेघा येतील. या रेघांखाली दुहेरी दांडा हवा. एकाच ५० मिलिमीटरच्या दांड्यावर दोन टोकं टेकवली की प्रत्येकाला २५ मिलिमीटर मिळतात. स्क्रू टोकाच्या इतका जवळ येतो की फळी फाटते. डेक जिथे पहिल्यांदा बिघडतो ती हीच जागा.

सांगाडा. ४० सेंटिमीटरवर १३ दांडे आणि दुहेरीचे २, असे १५. प्रत्येकी ८ फूट. लोखंडी बॉक्स पाइप (चौकोनी नळी) ५० बाय ५०, जाडी अडीच मिलिमीटर. सहा मीटरच्या नळीतून दोन निघतात, म्हणजे ८ नळ्या, आणि उरलेले तुकडे दांड्यांच्या मध्ये आडवे जोडायला कामी येतात. त्यांच्याखाली १५ फुटांच्या तीन तुळया, ८० बाय ४० बाय अडीच, उभ्या बसवलेल्या, मधलं अंतर ४ फूट. प्रत्येक तुळईखाली चार पाये, एकूण १२. पाया ९ बाय ९ इंच काँक्रीटचा, दीड फूट खोल, आणि जमिनीच्या वर किमान सहा इंच दिसणारा. तो उघडा दिसायला हवा, कारण वाळवी मातीची नळी करूनच वर चढते. नळी दिसली तर मोडता येते. पाया फरशीने किंवा पाटीने झाकला की ती आतून चढते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

डेकचा माथा जमिनीपासून दीड फूट ठेवा. मग तुळईखाली जवळजवळ फूटभर मोकळी जागा राहते: वारा जातो, खराटा जातो, पानं ओढता येतात. त्या जागेला चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून बंद करायचा मोह टाळा, फार तर समोरून विरळ जाळी लावा. खालची जमीन घरापासून लांब उतरती करा, ८ फुटांत दीड इंच तरी. वर चार इंच खडी. उतार न करता खडी टाकली तर खाली तळं होतं, फक्त ते दिसत नाही.

लोखंडाबद्दल जरा हट्टी राहा. समुद्राच्या इतक्या जवळ लाल ऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइल पेंट हे पुरणार नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे वेल्डिंग करून, भोकं पाडून झाल्यावर सांगाडा भागाभागाने गरम जस्ताच्या टाकीत बुडवून आणणं आणि जागेवर बोल्टने जोडणं. टाकीत बुडवायच्या नळीला हवा आणि जस्त ये-जा करायला भोकं ठेवावी लागतात, ती फॅब्रिकेटरला माहीत असतात. ते जमत नसेल तर जीआय, म्हणजे आधीच जस्त चढवलेला, पाइप घ्या, प्रत्येक वेल्ड घासून त्यावर जस्ताचा प्रायमर आणि मग एपॉक्सीचे दोन हात द्या. नळ्यांची टोकं पत्र्याने वेल्ड करून बंद करा. उघड्या टोकातून पाणी आत गेलं की नळी आतून गंजते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत ताजा दिसत राहतो. दांड्यांच्या माथ्यावर ब्युटाइलची (चिकट रबरी) टेप चिकटवा, कारण स्क्रूच्या भोकात पाणी उतरतं ते तिथेच.

स्क्रू ३१६ जातीचे स्टेनलेस. ३०४ पुण्यात चालतात, खाऱ्या वाऱ्यात त्यांच्यावर तांबूस डाग येतात. सांगाड्याच्या पाइपमध्ये आधी भोक पाडून बसवायचे, फळीतही आधी भोक, कडेपासून २० मिलिमीटर आत. प्रत्येक दांड्यावर दोन धरून ६४४ लागतात, ७०० घ्या. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू कुणी आणले तर परत पाठवा. ते एका पावसाळ्यात गंजतात आणि सागातल्या टॅनिनशी लोखंड मिळून प्रत्येक स्क्रूभोवती काळं वर्तुळ उठतं. ते फळीत खोलवर जातं.

तेल बसवण्यापूर्वीच लावा, चारही बाजूंना दोन हात आणि कापलेल्या टोकांना तीन. लाकूड पाणी पितं ते सर्वात जास्त टोकातून. जागेवर टोक कापलं की तिथल्या तिथे पुन्हा तेल. डेकसाठी म्हणून मिळणारं, बुरशीरोधक घातलेलं तेल घ्या. नुसतं जवसाचं तेल दमट हवेत काळं पडतं, कारण बुरशीला ते खाद्यच असतं. पीयू किंवा मेलामाइन पॉलिशची चमक उघड्यावर नको: तिचा पापुद्रा फुटतो, खाली पाणी शिरतं, मग सगळं खरवडावं लागतं. काजूच्या टरफलाचं तेल कोकणात होड्यांना आणि लाकडांना लावतात, वाळवीला ते चांगलं रोखतं. लाकडी पायरीच्या खालच्या अंगाला वापरायला हरकत नाही, पण त्याने कातडी भाजते. पाय पडतात त्या बाजूला कधीच नको.

वार्षिक वेळापत्रक तुमच्या मुंबईच्या फेऱ्यांत बसतं. दसऱ्याच्या सुमारास सौम्य साबणाचं पाणी आणि ताठ ब्रश, रेषांच्या दिशेने. प्रेशर पंप नको, तो मऊ तंतू उचकटतो आणि फळी केसाळ होते. तेल एप्रिलमध्ये, फळी पूर्ण कोरडी असताना. ओल्या फळीवर लावलेलं तेल आत जात नाही, वर चिकट राहतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा फटींमधली पानं काढायला जवळपासच्या कुणाला तरी सांगून ठेवा आणि वडिलांना त्या चार महिन्यांत अनवाणी किंवा गुळगुळीत चपलेने डेकवर जाऊ देऊ नका.

फळ्या आल्या की लगेच बसवू नका. पडवीत, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या ठेवून, दोन आठवडे रचून ठेवा. या काळात ज्या पिळतील त्या पायरीच्या तुकड्यांसाठी वापरा. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये धरा. कोरड्या दिवसांत बसवलेली १०० मिलिमीटरची फळी पावसाळ्यात एक-दीड मिलिमीटर फुगेल, म्हणून सुरुवातीची फट ५ पेक्षा कमी नको. मिस्त्री "दिसायला बरं" म्हणून तीनवर आणायला बघेल. त्याच्या हातात ५ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या पाचरींची पिशवी द्या आणि पहिल्या चार ओळी होईपर्यंत तिथे उभे राहा.